दादाचं तारण गेलं का?

गेल्या महिन्यात दादाला माती दिली. तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थनासभा ठेवली होती. त्या सभेला बाहेरून आलेले एक प्रचारक होते. त्यांनी बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय उघडला. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली आणि तरी जे पतन पावले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, हा तो भाग. त्यांनी दादाचं नाव घेतलं नाही. पण दादा अकरा वर्षं चर्चची पायरी चढला नव्हता, हे त्या खोलीत कोणाला माहीत नव्हतं?

वहिनी पुढेच बसली होती. मांडीवर उपासना संगीत, आमचं गीतांचं पुस्तक. तिने ते मिटलं आणि पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावरचं उसवलेलं कापड नखाने दाबत राहिली, शेवटचं आमेन होईपर्यंत. रात्री भांडी आवरताना मला म्हणाली, "अगं, खरंच जातं का गं तारण?"

तारण, म्हणजे ख्रिस्तावरच्या विश्वासाने मिळालेली पापातून सुटका, एकदा मिळाल्यावर जाऊ शकते का? तिला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

दादाचा मुलगा एकोणिसाव्या वर्षी सोलापूर रोडवर बाइकच्या अपघातात गेला. त्यानंतर दोन रविवार दादा उपासनेला गेला. भेटेल तो खांद्यावर हात ठेवून "देवाची इच्छा" म्हणत होता. तिसऱ्या रविवारी त्याने बूट घातले, उंबऱ्यावर बसला, बराच वेळ बसला आणि बूट काढून ठेवले. ख्रिस्ताला सोडलं असं तो कधीच म्हणाला नाही. "मला तिथे बसवत नाही," एवढंच म्हणायचा.

आता शास्त्राकडे येते, कारण घाव तिथूनच घातला गेला. इब्री पत्र ज्यांना लिहिलं ते छळाला कंटाळून ख्रिस्ताला सोडून मागे फिरण्याच्या बेतात होते. इशारा त्यांना आहे, आणि खरा आहे. तो पोकळ होता असं मी म्हणणार नाही. पण त्याच अध्यायात, तीनच ओळी पुढे, नवव्या वचनात लेखक त्यांना "प्रियजनहो" म्हणतो आणि तुमच्याविषयी आमची याहून चांगल्या गोष्टींची, तारणाच्या गोष्टींची खात्री आहे असं सांगतो. त्या दिवशी वाचन आठव्या वचनावर थांबलं. शोकघरात आठव्यावर थांबणं मला क्षम्य वाटत नाही.

हा वाद काही आजचा नाही. इ.स. 250 मध्ये सम्राट डेशियसने फर्मान काढलं: रोमी देवतांना बलिदान करा आणि तसा दाखला घ्या. जिवाच्या भीतीने अनेक ख्रिस्ती लोकांनी बलिदान केलं, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हेच लोक रडत मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दाराशी आले. रोममधला नोव्हेशियन म्हणाला, यांना आत घ्यायचं नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन कडक माणूस, पण तो आणि त्याच्याबरोबरचे बिशप या निर्णयावर आले की पश्चात्ताप पाहून, वेळ घेऊन, त्यांना परत घ्यायचं. मंडळीने सिप्रियनचं ऐकलं. ज्यांनी उघड उघड नाकारलं होतं त्यांच्यासाठी दार उघडलं गेलं, आणि माझ्या दादाने तर नाकारलंही नव्हतं.

पुढे हॉलंडमध्ये 1618-19 साली प्रॉटेस्टंट मंडळ्यांची डॉर्टची धर्मसभा भरली. देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत राखतो, असा तिचा निर्णय. पण तिनेही दावीद राजाचं आणि प्रभूचा शिष्य पेत्र याचं उदाहरण देऊन मान्य केलं की विश्वासणारा भयंकर पडू शकतो. याउलट जॉन वेस्ली आणि त्याचे मेथडिस्ट म्हणत आले की माणूस कृपेतून खरोखर ढळू शकतो, म्हणून जागे राहा. कॅथलिक शेजाऱ्यांचं म्हणणं असं की प्राणघातक पापाने कृपा जाते आणि पापकबुलीच्या संस्काराने परत मिळते. 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन परंपरेचे लोक एका छताखाली आले. आपल्या पुण्यात एकाच बाकावर दोन्ही मतांचे लोक बसतात आणि एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात. मला त्याचा अभिमान आहे.

माझं मत विचाराल तर, जातं असं मला वाटत नाही. आपल्याकडे भक्तीची दोन चित्रं सांगतात. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरतं, हात सुटला की पडलं. मांजरीचं पिल्लू काहीच धरत नाही, आईच त्याला मानेला धरून नेते. योहानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की माझी मेंढरं माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. तिथे पकड त्याची आहे. "भीत व कापत आपले तारण साधून घ्या" हे पौलाने लिहिलं खरं, पण लगेच पुढच्याच वचनात तो म्हणतो की तुमच्यामध्ये कार्य करणारा देव आहे.

एक वचन मात्र मला झोपू देत नाही. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, बाराव्या वचनात आहे की आपण त्याला नाकारलं तर तोही आपल्याला नाकारील. आणि तेराव्यात, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो. दोन्ही शेजारी शेजारी. मी यातलं एकही खोडणार नाही. "एकदा तारण झालं, आता काही करा" म्हणत कामगारांची मजुरी बुडवणारे आणि रविवारी पहिल्या बाकावर बसणारे आपल्यात आहेत. बारावं वचन त्यांना जरूर वाचून दाखवा. वहिनीला तेरावं वाचा. कोणाला काय वाचायचं हे कळत नसेल तर शोकघरात तोंड उघडू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पेत्राने तीनदा नाकारलं, शपथा घेऊन नाकारलं. पण त्याच्या आधीच प्रभू त्याला म्हणाला होता की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पेत्र पडायच्या आधीच ती प्रार्थना झाली होती. मी दादासाठी धरून बसले आहे ती हीच गोष्ट.

काल हे सगळं मी वहिनीला वाचून दाखवलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलं. रविवारी सकाळी पंचहौद चर्चच्या घंटा ऐकू आल्या की हे टीव्हीचा आवाज बंद करायचे. चहा हातात तसाच. घंटा थांबेपर्यंत."

"दर रविवारी?" मी विचारलं.

"अकरा वर्षं," ती म्हणाली.