‘एकही दिवस चुकवू नका’ असं लिहिलं होतं, त्याबद्दल

ताई,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, खाली नुसतं ‘मिरज’ एवढंच आहे. तरी ताई म्हणतो. रागावून का होईना, पण घरच्या माणसाला खडसवावं तसं तुम्ही सविस्तर लिहिलंत.

बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मॅरेथॉनच्या तयारीवरचा माझा लेख तुमच्या मिस्टरांनी वाचला. त्यात मी लिहिलं होतं की उत्साह येण्याची वाट बघू नका, बूट घाला आणि बाहेर पडा. १८ आठवड्यांत मी एकही दिवस चुकवला नाही, तुम्हीही चुकवू नका. सुरुवातीचं दुखणं आपोआप जिरतं. त्यांनी ते मनावर घेतलं. सातव्या आठवड्यात नडगी दुखायला लागली तरी पळत राहिले. नवव्या आठवड्यात एमआरआय काढावा लागला आणि हाडाला बारीक चीर निघाली. आता दीड महिना घरात. यावर तुमचे तीन प्रश्न आहेत. दुखणं जिरतं हे तुम्हाला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं? रविवारी तुम्ही तीन-तीन तास पळत होतात तेव्हा घरचं कोण बघत होतं? आणि चाळिशीतल्या पगारदारांच्या या फॅडापायी गुडघ्यांची वाट लावून घेण्यात कसलं आलंय शौर्य?

पहिल्याचं उत्तर: कुठल्याच डॉक्टरनं नाही. ते माझ्या पोटऱ्यांनी मला सांगितलं होतं आणि मी ते सगळ्यांच्या सगळ्या अवयवांना लागू करून टाकलं. पोटऱ्या, मांड्या भरून येतात ते दोन-तीन दिवसांत उतरतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नडगीच्या हाडाचं तसं नाही. दुखरी जागा एका बोटानं नेमकी दाखवता येते, त्या पायावर लंगडी घातली तर कळ येते, पळताना सुरू झालेलं दुखणं पळणं थांबल्यावरही राहतं, रात्री झोपेत ठणकतं. यातलं एकही असेल तर त्या दिवशी बूट काढून ठेवायचे आणि हाडाच्या डॉक्टरकडे जायचं. साध्या एक्स-रेत ही चीर सुरुवातीला बऱ्याचदा दिसतही नाही, म्हणून ‘एक्स-रे चांगला आलाय’ म्हणून पुन्हा पळायला जाणारे असतात. हे सगळं मूळ लेखात हवं होतं. नव्हतं. चूक माझी.

घात सातव्या-आठव्या आठवड्यात होतो त्याला कारण आहे. नव्यानं पळणाऱ्याचा दम आधी वाढतो. महिना-दीड महिन्यात धाप कमी लागते, पाच किलोमीटर गप्पा मारत होतात आणि माणसाला वाटतं, जमलं. पण हाड आणि स्नायूबंध यांची चाल फार संथ, त्यांना महिनोन्महिने लागतात. त्यात हाडाची तऱ्हा अशी की ताण पडला की ते आधी जुना भाग झिजवून काढतं आणि मग नवा भरतं. भरायला वेळ जास्त लागतो. म्हणजे मधले काही आठवडे भिंतीचा जुना गिलावा खरवडलेला आणि नवा अजून ओला, अशी अवस्था असते. नेमका त्याच वेळी दम म्हणतो, चल अजून दोन किलोमीटर. तुमच्या मिस्टरांचा दम चांगला असणार, म्हणून तर ते नवव्या आठवड्यापर्यंत गेले. माझ्यासारखा धापा टाकणारा माणूस आपोआप वाचतो.

आता ‘एकही दिवस चुकवला नाही’ या वाक्याबद्दल. तुमची प्रतिक्रिया वाचून मी त्या वर्षीची वही काढली. आठवड्याला चार, असे १८ आठवड्यांत ७२ वेळा पळायचं ठरलं होतं. वहीत पळणं आहे ५७ वेळा. पंधरा खाडे! मी खोटं लिहायला बसलो नव्हतो, पण शर्यत पुरी केलेला माणूस मागे वळून बघतो तेव्हा त्याला खाडे दिसत नाहीत. वहीतली कारणं बघा. ऑक्टोबरात दोन दिवस जुलाब. दिवाळीत चार दिवस सलग काहीच नाही, पुढे नुसतं ‘पाहुणे’. नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू झाल्यावर एके पहाटे मागचा लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली अगदी अंगाजवळून गेली, त्यानंतर हायवेकडचं पळणं आठवडाभर बंद. काही ठिकाणी फक्त ‘नको वाटलं’ असं लिहिलंय. ते तीनदा आहे.

तयारीबद्दल मला जे सांगायला हवं होतं ते या ‘नको वाटलं’च्या पुढच्या पानावर आहे. पहिले तीन आठवडे कोणीही पळतं. बूट नवे असतात, शेजारी विचारतात, फोनमधलं ॲप शाबासकी देतं. शेवटचे तीन आठवडेही निघतात. पळण्याचं अंतर कमी करत आणायचं असतं आणि भीतीच तुम्हाला ताळ्यावर ठेवते. खरा प्रश्न आठव्यापासून तेराव्यापर्यंतचा. नवलाई संपलेली, शर्यत अजून लांब, आणि रविवारचं अंतर २० वरून २४, २४ वरून २८ होत जातं. या दिवसांत एक खाडा पडला की मन दोनपैकी एक करतं. एक तर म्हणतं, गेलंच आता सगळं, पुढच्या वर्षी बघू. नाहीतर म्हणतं, उद्या कालचंही भरून काढू. पहिल्यानं माणूस घरी बसतो, दुसऱ्यानं हाड मोडतं. बुडालेलं पळणं बुडालं. उधारी नसल्यासारखं वहीचं पुढचं पान उघडायचं आणि त्या दिवशी जेवढं लिहिलंय तेवढंच पळायचं.

हे मी शिकलो ते एका निवृत्त सुभेदारकाकांकडून. ते पहाटे पाचला साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर उभे असायचे. फोन करायचे नाहीत. पाच वाजून पाच मिनिटांनी निघून जायचे, तुम्ही असा वा नसा. चार दिवसांनी तोंड लपवत गेलं तरी ‘कुठं होतास’ असं एकदाही विचारलं नाही. एकच प्रश्न, ‘आज किती?’ मी सांगायचो, आठ. ‘चल.’ यवतेश्वरच्या घाटात ते माझ्या पुढे असायचे आणि मागे न बघता बोलत असायचे. मला उत्तर देता आलं नाही की वेग कमी करायचे. बोलता आलं पाहिजे एवढा वेग, हा हळू पळण्याचा नियम मला पुस्तकातून नव्हे, त्यांच्या पाठीकडे बघून कळला. लेखात मी याला ‘शिस्त’ म्हटलं होतं. माझी शिस्त म्हणजे नाक्यावर कोणीतरी उभं आहे हे माहीत असणं, एवढीच होती.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तो लिहायला मला सर्वांत जड जातोय.

तुमची प्रतिक्रिया मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. खरं तर तक्रार करायलाच वाचली, बघ लोक काय काय लिहितात म्हणून. ती कणीक मळत होती. ऐकून म्हणाली, ‘बाई खरं बोलतीय.’ मग हिशेब निघाला. रविवारी मी पावणेपाचला बाहेर, साडेआठला घरात, आल्यावर अंघोळ, पोहे, आणि मग दुपारी चारपर्यंत मेल्यासारखी झोप. आमच्याकडे नळाला पाणी येतं सहा ते सात. म्हणजे १८ रविवार पाणी तिनं भरलं, आईच्या गोळ्या तिनं दिल्या, मुलीला क्लासला तिनं सोडलं, आणि मी २८ किलोमीटर पळून आलो म्हणून वर मला अंडी उकडून दिली. जानेवारीत मेडल घेऊन आलो तेव्हा दाराशी तिनंच ओवाळलं. त्या दोन हजार शब्दांच्या लेखात तिचा उल्लेख एकदाच होता, तोही ‘बायकोनं फोटो काढला’ असा.

मी तिला म्हटलं, तूही सुरू कर, मी घरचं बघतो. पुरुष अशा वेळी जे म्हणतात ते. तिनं हात धुतले आणि म्हणाली, ‘मला नाही पळायचं. मला रविवारी आठ वाजेपर्यंत झोपायचंय.’

आणखी एक गोष्ट तिनंच सांगितली, ती तुमच्या प्रतिक्रियेत नव्हती. ‘पाचला उठा आणि बाहेर पडा’ हे वाक्य बाईला उद्देशून लिहिताच येत नाही. अंधारात रिकाम्या रस्त्यावर मी एकटा पळतो तेव्हा मला भीती फक्त कुत्र्यांची असते.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र मी भांडणार आहे.

गुडघ्यांपासून सुरू करू. हौशी पळणाऱ्यांत गुडघ्याचा संधिवात न पळणाऱ्यांपेक्षा जास्त आढळत नाही, हे आता बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. गुडघ्याची वाट लागते ती बहुधा बसून, वजन वाढून. अचानक अंतर वाढवलं तर गुडघा दुखतो हे खरं, पण दुखणं वेगळं आणि झिजणं वेगळं. तुमच्या मिस्टरांना हाडाची चीर आली म्हणून पळणंच वाईट ठरवू नका. वाईट होता तो माझा सल्ला.

आणि फॅड? थोडं आहे, मान्य. सहा-सात हजारांचे बूट, घड्याळ, मुंबईला जाण्या-राहण्याचा खर्च, आणि नंतर वर्षभर प्रोफाइलला मेडलचा फोटो. माझाही होता. पण हा खेळ पगारदारांनी आणला नाही. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं बघून दोराबजी टाटांनी ऑलिंपिकला संघ पाठवायचं मनावर घेतलं. १९२० साली अँटवर्पला बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत पळून १९ वे आले. त्याच शर्यतीत आमच्या साताऱ्याकडचे सदाशिव दातारही होते. त्यांना ती पुरी करता आली नाही. मला चौगुल्यांइतकेच दातार जवळचे वाटतात. आणि अलीकडचं म्हणाल तर माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. दुष्काळी गाव. तिनं २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला नंबर काढला, मग स्टीपलचेजकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीकडे वळली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पळून दहावी आली. तिच्या पळण्याला कोणी फॅड म्हणणार नाही. माझ्या पळण्याला म्हणा, चालेल.

शौर्य म्हणाल तर माझ्या शर्यतीत ते नव्हतंच. डिसेंबरात साताऱ्यात कानटोपी घालून तयारी केली आणि जानेवारीत मुंबईच्या दमट हवेत सीएसएमटीहून निघालो. सी लिंकवर अजून बरा होतो. तिसावा किलोमीटर ओलांडला आणि पायातलं बळ कोणीतरी काढून घेतलं. अंगात साठवलेली साखर साधारण दीड-दोन तासांच्या नेटाच्या पळण्याला पुरते, पुढे खाल्लं नाही की ही वेळ येते. मी सुरुवातीला खायचं विसरलो होतो. परतीचा पेडर रोडचा चढ मी चक्क चाललो. एका आजींनी संत्र्याच्या फोडी दिल्या आणि ‘अरे बस जरा’ म्हणाल्या. बसलो असतो तर उठलो नसतो. ५ तास २२ मिनिटं लागली. मूळ लेखात ‘शेवटपर्यंत पळत राहिलो’ असं आहे. तेही दुरुस्त करतोय.

आता मिस्टरांबद्दल. डॉक्टर सांगतील तेच अंतिम, मी आता त्या वाटेला जात नाही. पण ते परवानगी देतील तेव्हाची एक गोष्ट सांगतो, कारण तेव्हा त्यांना माझा तोच लेख पुन्हा वाचावासा वाटेल. आधी नुसतं चालायचं. अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशीही काही दुखलं नाही, असं काही दिवस गेले की मग एक मिनिट पळायचं, चार मिनिटं चालायचं. पळण्याच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस मोकळा. कृष्णेच्या काठानं मातीची वाट मिळाली तर उत्तम. या जानेवारीचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर, मिळाला असेल तर तो फ्रेम करून ठेवा, पण तो घालून उभं राहायचं नाही. त्यांना वाईट वाटेल. सगळी तयारी फुकट गेली असंही वाटेल. दम थोडा जाईल, पण आधी मिळवलेला असल्यामुळे नव्यानं मिळवण्यापेक्षा लवकर परत येईल.

मूळ लेख मी काढून टाकत नाही. चुकीच्या ओळींवर रेघ मारली आहे, त्या खाली वाचता येतील अशा ठेवल्या आहेत, आणि सगळ्यांत वर तुमची प्रतिक्रिया लावली आहे. तुमची हरकत असेल तर कळवा, काढतो. त्यांना घेऊन कधी साताऱ्याला आलात तर यवतेश्वरला जाऊ, चालत. सुभेदारकाका आता पळत नाहीत, पण पाचला नाक्यावर असतात.

उत्तर द्यायला चार दिवस लागले. आज शनिवार, रात्रीचे अकरा वाजलेत. उद्या २० किलोमीटर पळायचं ठरलं होतं, ते परवावर ढकललंय. सहाला पाणी येतं आणि गजर माझ्या उशाशी आहे.