बार्सिलोना कूमननं बुडवली नाही

'रोनाल्ड कूमन बचावपटू म्हणून थोर, पण प्रशिक्षक म्हणून आला आणि बार्सिलोना बुडवून गेला. मेस्सीसुद्धा त्याच्यामुळेच गेला.' हे वाक्य बार्सिलोना या स्पॅनिश फुटबॉल क्लबचे चाहते इतक्या खात्रीनं पसरवतात की त्याला उत्तर द्यायलाच हवं. १९९२ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर, अतिरिक्त वेळेत, ज्याच्या फ्री किकनं क्लबला पहिला युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) मिळवून दिला, त्याच्याबद्दल हे बोललं जातंय.

आधी मेस्सीचं बघू. जर्मनीच्या बायर्न म्युनिककडून ८-२ असा मार खाल्ला तो १४ ऑगस्ट २०२० ला, आधीचा प्रशिक्षक सेतिएनच्या हाताखाली. कूमन आला त्यानंतर पाच दिवसांनी. मेस्सीनं क्लब सोडायची नोटीस त्याच महिन्यात धाडली हे खरं, पण सप्टेंबरच्या मुलाखतीत तो स्वतःच म्हणाला की, मला जायचंय असं मी अध्यक्षांना वर्षभर सांगत होतो. त्या वर्षभर कूमन नेदरलँड्सचा संघ सांभाळत होता! शिवाय मेस्सी राहिला, आणि कूमनच्याच संघात त्यानं लीगमध्ये ३० गोल केले. २०२१ मध्ये तो गेला तो पैशापायी. लीगच्या पगारमर्यादेत त्याचा नवा करार बसेना. क्लबचे नवे अध्यक्ष लापोर्तांनीच तेव्हा जाहीर केलं की कर्ज १३५ कोटी युरो आहे आणि पगारांवरचा खर्च उत्पन्नाच्या १०३ टक्के. हा खड्डा काही प्रशिक्षकानं खणलेला नव्हता.

'कूमननं काही जिंकलं नाही' असं म्हणतात, तेही खोटं. एप्रिल २०२१ मध्ये सेव्हिया शहरातल्या रिकाम्या मैदानात अॅथलेटिक बिल्बाओला ४-०नं हरवून कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा राष्ट्रीय चषक, जिंकला. चारही गोल दुसऱ्या अर्धात, अवघ्या बारा मिनिटांत. नंतर एकेक खेळाडू मेस्सी आणि चषकासोबत फोटो काढायला रांगेत उभा होता, ते दृश्य मी विसरलेलो नाही. आणि सतरा वर्षांच्या पेद्रीला आणि गावीला पहिल्या संघात उतरवलं कुणी? कूमननंच.

चुका झाल्या. चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्न आणि बेन्फिकाकडून ०-३ अशा हारी, बचावाची दैना. हकालपट्टी झाली तेव्हा संघ लीगमध्ये नववा होता. ते मान्यच.

पण म्हणून 'प्रशिक्षक म्हणून शून्य'? नेदरलँड्समध्ये अयाक्सला दोन लीग विजेतेपदं, पीएसव्हीला एक, इंग्लंडच्या लीगमध्ये साउथॅम्प्टन सहाव्या स्थानी. आणि नेदरलँड्सचा राष्ट्रीय संघ? २०१६चा युरो करंडक आणि २०१८चा विश्वचषक दोन्ही हुकलेला संघ त्यानं हाती घेतला. युरोपीय देशांच्या नेशन्स लीगमध्ये फ्रान्स आणि जर्मनी असलेल्या गटात तोच संघ पहिला आला आणि २०१९ मध्ये अंतिम सामना खेळला.