हेराला वाट बघू द्या

‘मामा, पुढचा भाग आला का?’ शाळा सुटली की सायकल सांगलीच्या गावभागात वळवायची आणि लायब्ररीच्या दारातूनच हे विचारायचं. बऱ्याचदा पुस्तक दुसऱ्या कुणीतरी नेलेलं असायचं. मग आठ-आठ दिवस थांबायचं. त्या आठ दिवसांत गुप्तहेर माझ्या डोक्यातच राहायला यायचा. आता तो कुठं लपला असेल, चिठ्ठी कुणाच्या हाती पडली असेल, हेच डोक्यात. 2019 च्या महापुरात ती लायब्ररी पाण्यात गेली. पुस्तकं गच्चीवर वाळत घातली होती, पण पानं एकमेकांना चिकटून विटांसारखी झालेली. एक उघडायला गेलो तर मधूनच तुटलं. फार वाईट वाटलं.

हेरकथांच्या मालिकेवर सिनेमा येणार म्हटलं की आमच्या मित्रांत पहिला वाद हिरो कोण यावर. माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकलेला असतो. हेराचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं आणि सिनेमात पहिली कात्री नेमकी तिथंच लागते.

जॉन ल कारेंच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’वर बीबीसीनं 1979 साली सात भागांची मालिका केली. तिची सुरुवात बघा. एका खोलीत एकेक करून चार माणसं येतात. कुणाच्या हातात फायली, कुणाची सिगरेट, कुणाचा पाइप. चौथा येतो तो कपावर बशी पालथी घालून, चहा सांभाळत. कुणी कुणाशी बोलत नाही. पण यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, हे तेवढ्यात कळतं. याच कादंबरीवरचा 2011 चा सिनेमाही मला आवडतो, गॅरी ओल्डमननं कमाल केलीय. तरी दोन तासांत त्या माणसांचा जुना दोस्ताना मुरत नाही. आणि दोस्ताना मुरला नाही तर त्यांच्यातल्याच एकाचा दगा काळजाला लागत नाही.

मग काय, पुस्तकातली ओळ न् ओळ पडद्यावर आणायची? अजिबात नाही. रॉबर्ट लडलमच्या 1980 च्या ‘बॉर्न आयडेंटिटी’त नायकाचा शत्रू आहे कार्लोस, खराखुरा दहशतवादी. सिनेमा आला 2002 साली, तोवर कार्लोस फ्रान्सच्या तुरुंगात जन्मठेप भोगत होता. सिनेमावाल्यांनी त्याला सरळ वगळलं. स्वतःचं नाव विसरलेला माणूस तेवढा ठेवला. बरोबर केलं, कारण कथेचा जीव त्या विसरण्यात होता. जेम्स बाँडच्या ‘कसिनो रोयाल’मध्येही पुस्तकातल्या बॅकरॅ या पत्त्यांच्या डावाच्या जागी 2006 च्या सिनेमात पोकर आला. पत्ते बदलले, तरी टेबलावरचा ताण तोच राहिला.

आता आपल्याकडचं. बाबूराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक या दोघांनीही हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांची समाधी आपल्याच जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर आहे. एवढी पुंजी घरात असताना आपण हेरकथा बघायला लंडनला का जायचं?

माझी कळकळीची विनंती एवढीच, की आपल्या या जुन्या कथामालिका पडद्यावर करायला घ्याल तेव्हा नायकाच्या हातात मोबाइल देऊ नका. त्याला 1972-73 सालातच राहू द्या. ट्रंक कॉल लागत नाही, तार उद्या पोचणार, एसटी चुकली तर रात्र स्टँडवर. या अडचणी काढल्या तर त्या कथांत उरतं काय?

आणि एक प्रसंग मिरज जंक्शनवर घ्याच. तेव्हा तिथं ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे वेगवेगळ्या रुंदीचे तिन्ही रूळ होते. पुण्याकडून येऊन बेळगावला किंवा पंढरपूरला जाणाऱ्याला तिथं उतरून गाडी बदलावीच लागायची. म्हणजे ज्याच्यावर पाळत आहे तो उतरणार, हे नक्की. पण तिथून कुठल्या गाडीत चढणार? हेर बाकावर बसलाय, हातातला चहा गार झालाय, पंढरपूरच्या गाडीत वारकरी चढतायत. दहा मिनिटं कुणी काही बोलत नाही. तेवढी दहा मिनिटं कापू नका.