भांडारात औषध आहे, वॉर्डात नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. रुग्णालयातल्या औषधपुरवठ्याच्या मोजमापावर मी लिहिलं, त्यावर तुमचा आक्षेप असा: भांडाराचा अहवाल ९५ टक्के औषधं उपलब्ध असल्याचं सांगतो आणि त्याच दिवशी नातेवाइकाच्या हातात बाहेरून औषध आणायची चिठ्ठी पडते, मग हे आकडे काय कामाचे? तुमच्या मते खरी अडचण पैशाची आहे आणि फार्मासिस्टच्या माथी आणखी एक रजिस्टर मारून ती सुटत नाही.

तुम्हाला दिसणारी विसंगती खरी आहे. ९५ टक्के ही एकेका औषधाची सरासरी. एखाद्या उपचाराला पाच औषधं लागत असतील आणि प्रत्येक मिळण्याची शक्यता ९५ टक्के असेल, तर पाचही एकाच वेळी मिळण्याची शक्यता ७७ टक्क्यांवर येते (एकाच्या टंचाईचा दुसऱ्याशी संबंध नाही असं धरून). म्हणजे चारपैकी जवळपास एका रुग्णाला काहीतरी कमी पडणारच. म्हणून माझा आग्रह आहे की भांडारातला साठा मोजण्याऐवजी डॉक्टरांनी लिहिलेली औषधांची चिठ्ठी मोजा. लिहून दिलेलं सगळं, पूर्ण मात्रेत, वेळेवर मिळालं अशा चिठ्ठ्या किती?

त्यातही सगळी औषधं एका मापाने मोजता येत नाहीत. २०११ साली अमेरिकेत नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा तुटवडा झाला. जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळला की आधी हेच इंजेक्शन चालू करतात. पर्याय होते, ते वापरलेही गेले. तरी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की त्याच रुग्णालयांत पुरवठा सुरळीत असताना अशा रुग्णांचा जो मृत्युदर ३६ टक्क्यांच्या आसपास होता, तो तुटवड्याच्या काळात ४० टक्क्यांच्या जवळ गेला. उपलब्धतेच्या सरासरीत हे इंजेक्शन आणि जीवनसत्त्वाची गोळी, दोन्ही एकेकच धरली जातात. ही सरासरी वर पाठवून कोणी निश्चिंत होत असेल, तर तुमच्याइतकाच रागही मला येतो.

आता पैशाचा मुद्दा. इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

वॉर्डातून २० व्हायलचा (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्यांचा) इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, येतो. स्टोअरमध्ये आठच आहेत, आठ दिल्या जातात आणि रजिस्टरमध्ये ‘८’ लिहिलं जातं. न मिळालेल्या बारा कुठेच नोंदल्या जात नाहीत. पुढच्या वेळी सिस्टर ४० मागतात, कारण निम्म्याच मिळणार हे त्यांना ठाऊक असतं, आणि रात्रपाळीत रुग्णासमोर त्यांनाच उभं राहायचं असतं. त्यांना दोष कसा द्यायचा? पण आता इंडेंटवरचा आकडा गरजेपेक्षा जास्त आणि वाटपाचा आकडा गरजेपेक्षा कमी. वर्षाची मागणी ठरवताना बहुधा वाटपाचाच आकडा उचलला जातो. समजा सहा महिन्यांत ६०० व्हायल गेल्या, म्हणजे महिन्याला १००. पण त्यातले दोन महिने औषध नव्हतंच. चार महिन्यांत ६०० गेल्या, तर खरा खप १५० च्या घरात. १०० च्या हिशेबाने मागवलं की पुढचा तुटवडा आजच ठरला. हातात पैसे असूनही!

आणि पैसे खरोखरच कमी असतील, तर तेही तारखांवरूनच सिद्ध करावं लागतं. ऑर्डर कधी गेली, माल कधी आला, तपासणीतून कधी सुटला, वॉर्डात कधी पोचला, आधीचं बिल कधी चुकतं झालं. थकलेल्या बिलामुळे पुरवठादार माल अडवत असेल तर ते यात स्पष्ट दिसतं. ऑर्डरच उशिरा जात असेल तर तेही. इथेही सरासरीवर विसंबू नका. दोन पुरवठादार सरासरी ३० दिवसांतच माल देतात, पण एक २८ ते ३२ दिवसांत आणि दुसरा कधी १० तर कधी ५० दिवसांत. दुसऱ्यासाठी बफर स्टॉक, म्हणजे उशीर झाला तर हाताशी असावा असा राखीव साठा, कितीतरी जास्त ठेवावा लागतो. जागा अडते, पैसा अडकतो, एक्सपायरीचा धोका वाढतो.

एक्सपायरीबद्दल तुम्ही लिहिलंत ते पटलं: फक्त वाया गेलेल्या मालावरून जाब विचारला, तर माणूस कमीच मागवणार. एक्सपायरी आणि तुटवड्याचे दिवस शेजारी शेजारी ठेवूनच वाचावेत.

राहिला कामाचा बोजा. नवं रजिस्टर नको, हे मलाही मान्य आहे. तुटवड्याचे दिवस स्टॉक कार्डवर असतातच, शिल्लक शून्य झाल्यापासून माल येईपर्यंत. चिठ्ठ्या रोजच्या सगळ्या तपासायची गरज नाही, ठरावीक दिवशीच्या काही, निवड न करता घेतल्या तरी कल कळतो. नव्याने हवी आहे ती एकच गोष्ट: ‘दिले’ या रकान्याशेजारी ‘मागितले’. सुरुवात जीव वाचवणाऱ्या मोजक्या औषधांपासून करा, बाकीची मागाहून. आणि जो ही नोंद ठेवतो, त्याच्यावर त्याच आकड्यांवरून कारवाई होणार नाही, हे वरिष्ठांनी आधी लेखी द्यायला हवं. नाहीतर शिल्लक कधी शून्य होणारच नाही, कार्डवर तरी दोन व्हायल कायम दिसत राहतील.

तुमच्याकडे न दिलेल्या मागणीची नोंद होते का, होत असेल तर नेमकी कोणत्या कागदावर, तेवढं जरूर लिहा. पुढचा लेख त्यावरच करायचा आहे.