‘अनुभवी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘अनुभवी’ महोदय,

पतसंस्थांनी संगणक प्रणाली एका रात्रीत न बदलता एकेक विभाग करून बदलावी, असे मी लिहिले होते. त्यावर आपले आक्षेप असे: दोन प्रणाली एकाच वेळी चालवल्यास कारकुनांवर दुप्पट काम पडते, ब्रिटनमधील बँकेचे उदाहरण आपल्याकडे गैरलागू आहे, जीएसटी एका दिवसात लागू झाला तरी देश चालला, आणि शेवटी, ‘सल्लागारांना टप्पे आवडतात, कारण टप्प्यागणिक बिल फाडता येते.’ पहिला आक्षेप मान्य आहे. काम वाढते, आणि मार्चअखेरीस तर ते नकोसे होते. परंतु शेवटचे वाक्य वाचल्यावर आधीचे तिन्ही आक्षेप केवळ त्या टोमण्यापर्यंत पोहोचण्यासाठीच मांडले होते की काय, अशी शंका येते.

आपण बिलाचा विषय काढलाच आहे, तर तोच आधी पाहू. सगळी प्रणाली एकदम देण्याच्या करारात बहुधा व्याजाचा एकही हिशेब पडद्यावर दिसण्यापूर्वी संस्थेची मोठी रक्कम गुंतलेली असते. पुढे काम रखडले, तरी तिला मागे फिरता येत नाही, कारण पैसे अडकलेले असतात आणि हाती वापरण्याजोगे काहीच नसते. टप्प्याटप्प्याने काम घेतले आणि पिग्मीचा, म्हणजे एजंटांमार्फत रोज गोळा होणाऱ्या ठेवींचा, भाग पसंत पडला नाही, तर संचालक मंडळ तिथेच ठेकेदाराला रामराम ठोकून बचत खात्यांचे काम दुसऱ्याकडे सोपवू शकते. बिलाच्या लोभापायी कोणी स्वतःच्या हकालपट्टीची सोय दर टप्प्याला करून ठेवतो, हे आपल्या अनुभवात बसत असेल. माझ्या बसत नाही.

आणि माझा अनुभव आपण ‘पुस्तकी’ ठरवला आहे, म्हणून नाइलाजाने सांगतो. शहापुरातील एका पतसंस्थेत आम्ही आधी फक्त पिग्मी घेतली, तीही मोजक्या एजंटांची. बचत, कर्ज आणि शेअर जुन्या खतावणीतच राहिले. रोज संध्याकाळी एजंटाच्या यंत्रातील जमा रोजकीर्दीशी ताडून पाहिली जाई. मुदतीपूर्वी बंद होणाऱ्या पिग्मी खात्याला व्याज नाही, असे पोटनियमांत होते आणि प्रणालीतही तसेच घातले होते. प्रत्यक्षात खातेदाराच्या घरी लग्न किंवा मृत्यू असेल, तर चिटणीस संचालकांच्या तोंडी संमतीने व्याज देत. ही प्रथा एकाही कागदावर नव्हती आणि आमच्या बैठकांत तिचा कोणी उच्चारही केला नव्हता. एक खातेदार काउंटरवर भांडायला आले, तेव्हा ती आम्हाला कळली. नव्या प्रणालीत आलेली खाती थोडी होती, म्हणून दुरुस्ती त्याच आठवड्यात झाली. हीच प्रणाली १ एप्रिलला सर्व शाखांत कर्जखात्यांसह सुरू केली असती, तर अशा किती अलिखित प्रथा एकाच सकाळी काउंटरवर येऊन उभ्या राहिल्या असत्या, याचा अंदाज आपल्यासारख्या अनुभवी माणसाने करावा.

जीएसटीचा कायदा १ जुलै २०१७ रोजी एकदम आला, हे खरे आहे. कर अर्ध्या देशाला लावून चालत नाही. त्यामागची संगणकीय व्यवस्था कशी आली, हे मात्र उद्यमबागेतील कोणत्याही कारखान्याच्या हिशेबनिसाला विचारावे. जीएसटीआर-२ आणि जीएसटीआर-३ ही विवरणपत्रे पहिल्याच वर्षी स्थगित झाली आणि तात्पुरते म्हणून आणलेले जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र आजही भरले जात आहे. आंतरराज्य वाहतुकीसाठी ई-वे बिल १ एप्रिल २०१८ पासून सक्तीचे झाले. त्याच दिवशी राज्यांतर्गत मालालाही ते लावणारे कर्नाटक एकटेच होते, बाकीची राज्ये मागाहून आली. ई-इनव्हॉइस तर ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांपासून सुरू होऊन ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींपर्यंत उतरले. उदाहरण आपणच निवडलेले आहे.

आता ब्रिटनमधील बँकेचे उदाहरण. त्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये खाती एकदम नव्या प्रणालीवर नेली, लाखो ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड झाला. हे गैरलागू का, ते आपण लिहिलेले नाही, त्यामुळे त्यावर उत्तर देण्यासारखे काही उरत नाही.

बिलांविषयी पुन्हा लिहावयाचे असल्यास कोणत्या कामाचे, किती रकमेचे आणि कोणत्या टप्प्याचे बिल आपल्या डोळ्यांसमोर आहे, ते लिहावे. तेवढ्यापुरते मी पुन्हा उत्तर देईन.