नाकात दोन थेंब टाकून सायनस जात नाही

साखर कारखान्यांची धुराडी पेटली, पहाटे रंकाळ्यावर धुकं उतरायला लागलं आणि शिवारात उसाचं पाचट जळू लागलं, की आमच्या दुकानात नाक धरून येणारी माणसं वाढतात. कोल्हापुरात राजारामपुरीत सासऱ्यांनी सुरू केलेलं हे औषधाचं दुकान मी एकोणीस वर्षं चालवतेय, त्यामुळे याची सवय आहे. यंदा मात्र माणसांबरोबर एक मेसेजही येतोय. परवा एकाच दिवसात तिघांनी मोबाइल काउंटरवर ठेवून मला तोच दाखवला. एकाला तो तालमीच्या ग्रुपवर आला होता, एकीला बचत गटाच्या, तर तिसऱ्याला पुण्याच्या मेव्हण्याने पाठवला होता.

मेसेज थोडक्यात असा: सायनस सात दिवसांत कायमचा बरा. रोज रात्री दोन्ही नाकपुड्यांत कांद्याचा किंवा लिंबाचा रस, नाहीतर मोहरीचं तेल दोन-दोन थेंब. सकाळी नळाच्या पाण्याने जलनेती. शेंबूड हिरवा-पिवळा असला तर पाच दिवस अँटिबायोटिक. डॉक्टरांचा स्प्रे घेऊ नका, जन्माची सवय लागते. ऑपरेशन करू नका, परत होतंच. दही-केळी बंद, तांबडा रस्सा चालू. डोकेदुखीही जाईल.

यातलं एकेक वाक्य ऐकायला खरं वाटतं, म्हणूनच मला त्याची काळजी वाटते. नाकाची प्रत्येक तक्रार म्हणजे सायनस, असं धरून हा मेसेज सगळ्यांना एकच उपाय सांगतो. काउंटरवर मी आधी दोनच गोष्टी विचारते: किती दिवस झाले, आणि दोन्ही बाजूंना आहे की एकाच? मेसेजमध्ये हे दोन्ही प्रश्न नाहीत.

“शेंबूड हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन, अँटिबायोटिक सुरू करा.” सगळ्यात जास्त नुकसान याने होतं, म्हणून आधी हेच घेते. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड दाट आणि पिवळा-हिरवा होतो. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका द्रव्याचा असतो. म्हणजे शरीर लढतंय एवढंच त्यातून कळतं. समोर विषाणू आहे की जिवाणू, हे रंग सांगत नाही. मोठ्या माणसांच्या शंभर सर्द्यांपैकी जेमतेम एक-दोन सर्द्यांत पुढे जिवाणूंचा सायनस होतो. बाकीच्यांना अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. पोट मात्र बिघडतं, आणि उद्या खरी गरज पडेल तेव्हा तीच गोळी लागू पडत नाही.

मग जिवाणूंचा संशय कधी घ्यायचा? दहा दिवस उलटून गेले आणि तसूभरही फरक नाही तेव्हा. किंवा पाच-सहा दिवसांनी बरं वाटायला लागलं होतं आणि पुन्हा ताप, पुन्हा गालफडात ठणका, असं उलटलं तेव्हा. किंवा सुरुवातीपासूनच 102 फॅरनहाइटच्या पुढे ताप, पुवासारखा शेंबूड आणि चेहरा दुखणं तीन-चार दिवस टिकलं तेव्हा. यातलं काही असेल तर डॉक्टरांकडे जा. “वहिनी, त्या तीन गोळ्यांचं पाकीट द्या की,” असं मला दिवसातून चार जण म्हणतात. मी देत नाही. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणं कायद्यात बसत नाही, हे एक झालं. दुसरं म्हणजे तीन दिवसांचं जे पाकीट सगळ्यांना तोंडपाठ झालंय, ते सायनससाठी पहिल्या पसंतीचं औषधच नाही.

“कांद्याचा रस, लिंबाचा रस, मोहरीचं तेल.” सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या: गालात, कपाळात, डोळ्यांच्या मध्ये आणि पार आत कवटीच्या तळाशी, अशा चार जोड्या. गालातल्या पोकळीचं तोंड तर तळाशी नसून वर, छताजवळ असतं. तिथला चिकट द्रव आपोआप खाली गळत नाही. अस्तरावरचे सूक्ष्म केस तो ढकलत ढकलत त्या दारापर्यंत नेतात. सर्दीत हे काही मिलिमीटरचं दार सुजून मिटतं. रात्री आडवं पडून टाकलेले दोन थेंब तिथवर पोचतच नाहीत, ते घशात उतरतात. जाता जाता लिंबाचं आम्ल आणि कांद्याचा झोंबरेपणा त्या केसांनाच भाजून काढतो. पाणी वाहतं, शिंका येतात आणि माणसाला वाटतं, निघाली घाण. ते जळजळीचं पाणी असतं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021 मध्ये, लिंबाच्या रसाचा असाच मेसेज फिरला होता, तेव्हा नाक सोलून घेतलेली माणसं या काउंटरवर उभी होती. तेलाचा धोका वेगळा: तान्ह्या बाळाच्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या नाकात घातलेलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. बाळाच्या नाकात तेल सोडायची रीत आपल्याकडे अजून घरोघरी आहे. माझ्या लेकाच्या वेळी आमच्याकडेही वाटी समोर आली होती. मी हात जोडून नको म्हटलं. वैद्यांनी तपासून, समोर बसवून केलेल्या नस्याबद्दल, म्हणजे नाकात औषध सोडायच्या आयुर्वेदिक उपचाराबद्दल, मी इथे बोलत नाही. मोबाइल बघून केलेल्या प्रयोगाबद्दल बोलतेय.

जलनेतीबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं हा खरोखर चांगला उपाय आहे. जुनाट सायनसला आणि ॲलर्जीला डॉक्टरही तो सांगतात. चूक आहे ती नळाच्या पाण्याची. पंचगंगेचं असो की काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं, नळाचं पाणी पिण्यासाठी शुद्ध केलेलं असतं, नाकात घालण्यासाठी नसतं. केरळात 2024 आणि 2025 मध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमीबाच्या बातम्या आपण वाचल्या. त्यातला सगळ्यात घातक प्रकार पाणी पिऊन होत नाही, तो नाकातून वर चढतो. फार विरळा, पण झाला तर माणूस क्वचितच वाचतो. म्हणून पाणी खळखळा उकळा, कोमट होऊ द्या, पेलाभर पाण्यात सपाट अर्ध्या चमच्याहून थोडं कमी मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घाला. भांडं रोज धुऊन वाळवा. झोंबलं तर मिठाचं प्रमाण चुकलंय.

“स्प्रेची जन्माची सवय लागते.” इथे दोन वेगळ्या बाटल्यांची गल्लत झालीय आणि ती रोज माझ्यासमोर होते. एक बाटली नाक झटकन मोकळं करणाऱ्या ड्रॉप्सची, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन. ती घातली की पाच-दहा मिनिटांत श्वास मोकळा. हिची सवय लागते, हे खरंच आहे. तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरली की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग परत दोन थेंब. एक रिक्षावाले दादा दर चौथ्या दिवशी बाटली न्यायला यायचे. खाकी शर्टच्या वरच्या खिशात एक, मीटरजवळ एक, उशाखाली एक. सहा वर्षं. नाकाशिवाय झोपच येत नाही म्हणायचे, म्हणजे ड्रॉप्सशिवाय. मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला लावलं. डॉक्टरांनी आधी एका नाकपुडीत बंद करायला सांगितलं, दुसरी चालू, जोडीला दुसरा स्प्रे. पहिले आठ-दहा दिवस त्यांनी बसून झोप काढली. आता ते माझ्याकडे फक्त बीपीची गोळी न्यायला येतात. बीपी असणाऱ्यांनी तर हे ड्रॉप्स विचारल्याशिवाय घालूच नयेत, आणि लहान मुलांनाही नाही.

दुसरी बाटली स्टेरॉइड स्प्रेची, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. तिची सवय लागत नाही. उलट ती पहिल्या दिवशी काहीच करत नाही म्हणून लोक टाकून देतात. तिचा पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. स्टेरॉइड या शब्दाला घाबरू नका, रक्तात फार थोडं औषध जातं. पण मारायची पद्धत बहुतेकांची चुकते. मान मागे टाकू नका, थोडी खाली झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने मारा, बाटलीचं तोंड बाहेरच्या बाजूला, त्या बाजूच्या डोळ्याच्या रोखाने. मधल्या पडद्यावर मारलं तर तो कोरडा पडून रक्त येतं. जोरात ओढू नका, नाहीतर औषध घशात जातं.

डोकेदुखीबद्दल: कपाळ दुखलं की आपण सायनस म्हणून मोकळे होतो. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असं सांगणारे सुमारे 3,000 लोक तपासले, तेव्हा त्यातल्या 88 टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनची निघाली. मायग्रेनमध्येही नाक वाहतं, डोळ्याला पाणी येतं, म्हणून फसगत होते. डोकं ठणकतंय, उजेड सोसत नाही, मळमळतंय, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत आपोआप जातंय आणि महिन्यात परत येतंय, तर नाकात काही घालून उपयोग नाही. त्याचं औषध वेगळं.

“ऑपरेशन केलं तरी परत होतंच.” आपल्याकडे “नाकाचं हाड वाढलंय” असं सरसकट म्हणतात. हाड वाढत नसतं. मधला पडदा वाकडा असतो, आणि तो थोडाफार वाकडा बहुतेक सगळ्यांचाच असतो. श्वासाला अडचण नसेल तर त्याला हात लावायची गरज नाही. तो सरळ केला तर सहसा सरळच राहतो. “मांस वाढलंय” म्हणतात ते पॉलिप, सोललेल्या द्राक्षासारखे फिकट घोस. ते दुर्बिणीतून काढले तरी पुन्हा येऊ शकतात, विशेषतः दमा असलेल्यांना, कारण ते सुजेतून उगवतात आणि सूज हा आतला आजार आहे. म्हणून ऑपरेशननंतरही धुणं आणि स्प्रे चालूच ठेवायचा असतो. तो बंद केला की म्हणायचं, ऑपरेशन वाया गेलं. बारा आठवड्यांच्या वर नाक बंद, वास गेलेला, घशात सतत गळतंय, असं असेल तर तपासणी करून घ्या. लगेच टेबलावर घेतील अशी भीती नको. आधी औषधंच देतात.

दही-केळी सोडल्याने सायनस जातो याला आधार नाही. खाऊन त्रास होत असेल तर खाऊ नका, एवढंच. गंगावेशीत धारोष्ण दूध पिणाऱ्यांना त्याने कफ होतो असंही नाही. दुधाने तोंडातली लाळ दाट वाटते. आणि तांबडा रस्सा ओरपताना नाक वाहतं ते मिरचीच्या तिखटाने. आनंदाने खा, त्याने सायनस रिकामा होत नाही.

आता बाजूचा प्रश्न. ॲलर्जी, सर्दी, सायनस बहुधा दोन्हीकडे असतात. एकाच नाकपुडीतून सतत घाण वासाचं येत असेल तर थांबा. चार वर्षांच्या एका मुलीला तिची आई दोन महिने सर्दीचं सिरप पाजत होती. काउंटरवर उचलून घेतलं तेव्हा वास उजवीकडूनच येत होता. डॉक्टरांनी आतून गादीच्या स्पंजचा काळा पडलेला तुकडा काढला. खेळण्यातला बटन सेल नाकात गेला असेल तर दोन महिने काय, दोन तासही थांबायचं नाही, तो आतलं मांस जाळतो. मोठ्यांमध्ये एका बाजूचा घाणेरडा वास कधी वरच्या किडलेल्या दाढेतून येतो. पन्नाशीच्या पुढे एकच बाजू बंद आणि शेंबडात वारंवार रक्त, तर गाठ नाही ना हे बघून घ्यावंच लागतं.

मेसेज तालमीच्या ग्रुपवर फिरतोय म्हणून पैलवान पोरांसाठी एक मुद्दाम. मागच्या वर्षी एक पोरगा बर्फाचा स्प्रे आणि नाकाचे ड्रॉप्स मागायला आला. आदल्या संध्याकाळी सरावात कोपर नाकावर बसलं होतं. रक्त थांबलं होतं, पण “दोन्हीकडनं चोंदलंय, लई ठणकतंय” म्हणाला. मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलं तर मधल्या पडद्यावर दोन्ही बाजूंना लालसर-निळा फुगवटा, जांभळासारखा. ते साठलेलं रक्त होतं. पडद्याच्या कूर्चेचं, म्हणजे मऊ हाडाचं, पोषण अस्तरातून होतं; मध्ये रक्त साठलं की ते तुटतं, काही दिवसांत कूर्चा मरते आणि नाक बसकं होतं. मी त्याच्या वस्तादांना फोन लावला. रात्रीच डॉक्टरांनी ते रक्त काढलं आणि नाक वाचलं. नाकावर मार लागून दोन्हीकडून बंद झालं तर सकाळची वाट बघू नका. आणि डोक्याला मार लागल्यावर, खाली वाकताना एका बाजूने पाण्यासारखं, खारट गळत असेल तर ती सर्दी नाही. मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं.

तसंच धावायला हवं ते या वेळी: सर्दीबरोबर एका डोळ्याभोवती सूज, डोळा हलवताना दुखणं, एकाचे दोन दिसणं, नजर अंधुक होणं, कपाळावर फुगवटा, मान आखडणं, माणूस असंबद्ध बोलायला लागणं. साखर वाढलेल्या माणसाचा गाल बधिर झाला, नाकात किंवा टाळूवर काळी खपली दिसली, दात हलायला लागले, तर ती 2021 मध्ये आपण सगळ्यांनी पाहिलेली काळी बुरशी असू शकते, आणि तिथे एकेक तास मोलाचा. घोळणा फुटला तर मान मागे टाकू नका, कांदा हुंगवत बसू नका. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग पंधरा मिनिटं न सोडता चिमटीत धरा. अर्ध्या तासातही थांबलं नाही तर निघा. रात्रीचे दोन वाजले असले तरी माझं दुकान उघडायची वाट पाहू नका, सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग रात्रभर चालू असतो.