खुलासा : उन्हाने क्रँक सेन्सर जळत नाही

नागपुरात सध्या फिरणारा मेसेज म्हणतो : पारा ४५ वर गेला की क्रँक सेन्सर (इंजिनचा मुख्य फिरता दांडा, म्हणजे क्रँक, कुठे आहे ते सांगणारा सेन्सर) जळतो, दुपारी गाडी बंद पडली तर त्यावर थंड पाणी ओता. हे करू नका. पाणी सेन्सरच्या वायरींच्या प्लगमध्ये शिरलं की पिना गंजतात आणि नवंच दुखणं मागे लागतं.

हा सेन्सर इंजिनच्या अंगाला बसलेला असतो. तिथली उष्णता बाहेरच्या उन्हापेक्षा कितीतरी जास्त असते आणि तो ती सोसायलाच बनवलेला असतो. क्रँकसोबत फिरणारी दातेरी रिंग तो वाचतो. बऱ्याच गाड्यांत ६० दात्यांच्या जागेत ५८ च दाते असतात. त्या दोन दात्यांच्या रिकाम्या जागेवरून ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) क्रँक नेमका कुठे आहे ते कळतं.

गरम झाल्यावर बंद, अर्ध्या तासाने चालू, ही तक्रार मात्र खरी आहे. जुन्या सेन्सरमधली बारीक तार तापून प्रसरण पावली की आत तुटक होते, निवल्यावर पुन्हा जुळते. म्हणून तपासणी गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच करा. स्टार्टर फिरताना आरपीएमचा काटा अजिबात हलत नसेल तर संशय इथेच घ्या. दोन वायरींच्या कॉइलवाल्या सेन्सरचा ओहम (विजेला होणारा रोध) मीटरने मोजता येतो. तीन वायरींच्या हॉल सेन्सरवर (आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या) ओहम लावू नका, त्याचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल बघा.

स्कॅनरवर पी०३३५ हा बिघाडाचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही. तो कोड अख्ख्या सर्किटचा आहे. आधी वायरिंग, प्लग आणि सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस बघा, मगच नवा घ्या.